खरातभाऊंच्या वाघिणी

खरातभाऊ दोन वस्तूंच्या मधून कधी जात नसत. ही त्यांची सवय ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला आणि एकदा आली ती डोळ्यांपुढून हटेना. जिन्यापाशी दोन सायकली टेकवलेल्या असल्या तर आपण अंग चोरून मधून निघून जातो. भाऊ सगळ्या इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूने यायचे. लग्नाच्या मांडवात खुर्च्यांच्या ओळींमधून न जाता कनातीच्या कडेकडेने सरकायचे. रेशनच्या रांगेत पुढच्यापासून हातभर लांब उभे राहायचे, आणि मागच्यानेही तसंच उभं राहावं म्हणून सारखी मान वळवून बघायचे. त्या हातभर जागेत कुणीतरी घुसणारच. मग भाऊ निमूटपणे रांग सोडून शेवटी जाऊन उभे राहत. त्यांच्या पत्नी द्रुपदाबाई रिकामा डबा बघून म्हणायच्या, "आज बी रॉकेल न्हाई ना? आता तुमच्या भीतीवर भाकरी भाजू का?"

आम्ही समोरासमोर राहत होतो, नवीन पनवेलच्या सरकारी वसाहतीत, तळमजल्यावर. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा निम्म्या इमारती रिकाम्या होत्या, खिडक्यांना तावदानं नव्हती आणि वारा सुटला की त्या रिकाम्या खोल्या घुमायच्या. तळोज्याकडून वारा आला तर त्याला कारखान्यांचा वास असायचा. दिवस मावळला की मागच्या माळावर कोल्हे ओरडायचे. डोंगराकडून जनावर उतरतं, अशी बोलवा होती. कुणाचं तरी कुत्रं नाहीसं झालं होतं, आणि कुत्रं दुसरं कशाने नाहीसं होईल हा विचारच कुणी करायला तयार नव्हतं. माझे मिस्टर कारखान्यात पाळीवर जायचे आणि मी तिथल्याच शाळेत शिकवायचे, म्हणून सगळी वसाहत मला 'बाई' म्हणायची. मी काही शूर बाई नव्हे. दाराची कडी लावली की नाही हे मी अजूनही दोनदा बघते. पण भाऊंच्या शेजारी मी म्हणजे मोठी वीरांगनाच वाटायचे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्याचं बरंही वाटायचं.

त्यांना मी नुसतं हसून सोडून दिलं असतं. पण ह्या माणसाचा एकुलता एक मुलगा, मिलिंद, पुढे नेमका त्याच कामाला लागला, ज्या कामाने बापाला असं करून ठेवलं होतं. पोरगा रोज संध्याकाळी धड घरी येतो की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर भाऊंचा जीव टांगलेला असायचा. त्यामुळे त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही.

भाऊ जालन्याकडचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. तळोज्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर होते. आत येणारा प्रत्येक ट्रक काट्यावर चढवायचा आणि वजन लिहून घ्यायचं. त्याआधी मात्र ते रेल्वेत, एका मोठ्या यार्डात शंटिंगला होते. मालगाड्या तोडायच्या आणि जोडायच्या, हे काम. मालगाडीच्या डब्याला ते कधी डबा म्हणाले नाहीत. "डब्यात मानसं बसत्यात, बाई. मालाची ती वाघीण." हा शब्द मी शाळेत धड्यात शिकवला होता, परीक्षेत अर्थ विचारला होता. तो रोज तोंडात असणारा माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होते.

आणि वाघिणी त्यांच्या घरात होत्या. त्यांच्या पुढच्या खोलीत, जिथे लोक सोफा ठेवायला धडपडतात तिथे, दोन पलंगांचे सांगाडे जोडून त्यावर एक मोठी फळी टाकलेली होती आणि फळीवर छोट्या रेल्वेचे रूळ होते. दोन बोटं उंचीचं इंजिन, सांधे बदलायची चिमुकली खटकी, बाजूला काढलेली एक आडवाट. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने हा खेळ बरोबर आणला होता. संध्याकाळी गेस्ट हाऊसमध्ये तो एकटाच खेळत बसायचा. भाऊ कसल्याशा सहीसाठी तिकडे गेले, तेव्हा साहेबाने गाडी मागे आणली, एका जागी थांबवली, तसूभर अजून मागे रेटली आणि इंजिन पुढे काढलं. वाघिणी जागच्या जागी राहिल्या. कुणी हात लावला नव्हता.

"म्या इचारलं, तोडली कुणी?" भाऊ सांगायचे. "त्यानं रुळाच्या मधी बोट दावलं. खाली चुंबक! हुकाला खाली एक तार लोंबती, चुंबक ती तार वढून घेतो आन् हुक आपसूक उघडतो. बाई, मानूस आत गेलाच न्हाई!"

ते शेवटचं वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. साहेब मायदेशी जाताना सामान जास्त झालं म्हणून तो खोका भाऊंना देऊन गेला. द्रुपदाबाईंची पुढची खोली त्या दिवशी गेली.

वसाहतीतली पोरं बघायला यायची. त्यांना बसायची मुभा होती, इंजिन चालवायचीही होती. एकच कायदा होता, दोन वाघिणींच्या मध्ये बोट घालायचं नाही. एकदा माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना असल्या चिमुकल्या वस्तूंचं भारी कौतुक. "अगंबाई, हे आकडे कसे गं अडकवलेत?" म्हणत त्यांनी वाकून बोट पुढे केलं. भाऊ असे काही किंचाळले की शेजारच्या घरातून माणसं धावत आली. त्यांनी सासूबाईंचा हात मनगटाला धरून बाजूला ओढला होता आणि तो सोडायचं त्यांना सुचतच नव्हतं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. सासूबाईंना वाटलं, विजेचा धक्का बसणार होता. "भल्या माणसाने जीव वाचवला हो माझा," असं त्या नंतर कितीतरी दिवस सांगत होत्या. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका दुपारी. वीज गेलेली, उकाडा मी म्हणत होता, आणि भाऊ खिडकीपाशी बसून एका वाघिणीच्या हुकाची तार चिमट्याने वाकवत होते. मी द्रुपदाबाईंकडे विरजणाला म्हणून गेले होते. भाऊंनी मान वर केली नाही. तार वाकवता वाकवताच बोलायला लागले.

"कादर माझा जोडीदार. आमच्याकडं चुंबक न्हवता, बाई. वाघीण तोडायची तर मानसानं दोन्हीच्या मधी शिरायचं. इंजिन जरा मागं रेटतं, साखळी ढिली पडती, ती उचलून काढायची आन् बफरखालनं, म्हंजी धक्का झेलायच्या लोखंडी दांड्यांखालनं, वाकून भाईर यायचं. रोजचंच. त्या दिवशी कादर आत, आन् दुसऱ्या अंगानं कुणीतरी वाघीण ढकलली. बफरांच्या मधी घावला. उभाच व्हता. पडला न्हाई, पडायला जागाच न्हवती. माझ्याशी बोलला. म्हणला, नारायण, टोपी पडली बघ माझी, दे."

त्यांनी तार उजेडात धरून पाहिली.

"डाक्टर आला. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणला, वाघिणींनी धरलाय तवर ह्यो हाय, बाजूला केल्या की गेला. आन् बाजूला करायचा इशारा द्यायचा कुणी? शंटिंगला म्याच. म्या टोपी झटकली, त्याच्या डोक्यावर घातली. मग हात वर केला."

मी भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. भाऊ म्हणाले, "ती पितळी पट्टी द्या बरं हिकडं," आणि मी ती दिली.

त्या खेळण्यातही एक खोट होती. साहेबाच्या वाघिणी मोजक्याच, म्हणून भाऊंनी आणखी काही स्वतः बनवल्या, तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या. त्या चुंबकावरून जाऊ लागल्या की चुंबक तारेबरोबर सबंध वाघिणीलाच ओढायचा. वाघीण दचकायची, दचकली की जोडणी ढिली पडायची आणि धावत्या गाडीतून शेवटच्या वाघिणी आपोआप सुटून मागे राहायच्या. रेल्वेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाने चुंबकाच्या गाडीला पत्रा वापरावा, ह्याचं मला हसू आलं. भाऊंना आलं नाही. न सांगता सुटलेली वाघीण बघितली की त्यांना घाम फुटायचा. ते इंजिन बंद करून मोरीत जाऊन तोंड धुऊन यायचे.

मग त्यांनी पत्रा टाकून चहाच्या खोक्यांच्या फळ्यांच्या वाघिणी केल्या. चाकांचे आस पितळेचे केले. हुकाची तार रुळांपासून एक पोस्टकार्ड सरकेल एवढीच वर हवी, म्हणून प्रत्येक वाघिणीखाली पोस्टकार्ड सरकवून बघायचे. तरी हलक्या वाघिणी सुटतच. त्यांना वजन हवं होतं. ते आणून दिलं हिरूबायने. ही आमची मासे विकणारी, खाडीकाठच्या गावातली, डोक्यावर पाटी आणि तोंडात सदा तंबाखू. तिने जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी मूठभर आणले आणि भाऊंच्या फळीवर ओतले. "घे रं बाबा. माजा घो जालीं सोरून आता कंपनीन जाते. मना याचा काय उपेग हाय?" भाऊंनी ते मणी वाघिणींच्या पोटात चिकटवले. शेवटच्या वाघिणीच्या आसाला पितळी पट्टी घासेल अशी लावली, म्हणजे ती जराशी ओढून धरल्यासारखी चालेल आणि सगळी जोडणी ताठ राहील.

हे सगळं मला समजावून सांगताना ते म्हणाले, "ताण हाय तवर भ्या न्हाई, बाई. ढिलं पडलं की सुटतं." मिलिंद तेव्हा दारात बूट घालत होता. तो लहानपणापासून इकडेच वाढलेला, बोलणं सगळं इथलं. म्हणाला, "अन्ना, लोक बोलतात टेन्शन घेऊ नका, आनि तुमी बोलता टेन्शनमध्येच राहा." भाऊ गंभीरपणे म्हणाले, "व्हय. ऱ्हावा."

मिलिंद बारावी झाला, दोन वर्षं नोकरीसाठी वणवण फिरला, आणि शेवटी त्याच कारखान्यात लागला. कारखान्याला स्वतःची सायडिंग होती, मुख्य मार्गावरून आत घेतलेले दोन-तीन रूळ. कच्चा माल मालगाडीने यायचा. तिथे वाघिणी जोडायला-तोडायला माणूस हवा होता. भाऊंनी हातापाया पडून साहेबांना सांगितलं, पोराला दुसरं काहीही द्या, झाडू द्या. दुसरं काही नव्हतं. मिलिंदला तर आनंदच झाला होता. कायम होण्याची आशा होती आणि एक मुलगीही मनात भरलेली होती. त्या घरात पेढे वाटले गेले. माझ्या हातावर पेढा ठेवून भाऊंनी स्वतःचा पेढा तसाच परत डब्यात ठेवला, ते मी बघितलं आणि मिलिंदनेही बघितलं. त्याने मान फिरवली.

त्या दिवसापासून फळीवरची गाडी फार चालू लागली. भाऊ कामावरून आले की कपडेही न बदलता बसायचे. गाडी चुंबकावरून न्यायची, सुटता कामा नये. चुंबकावर थांबवून ढील द्यायची, सुटलीच पाहिजे. मिलिंद घरी येईपर्यंत हे चालायचं. तो आला, त्याने मोरीत पाय धुतले, की इंजिन बंद. एकदा त्याला यायला उशीर झाला आणि नेमकी एक वाघीण चुंबकावर आपोआप सुटली. भाऊ चप्पल घालून थेट तळोज्याच्या रस्त्याला लागले. मिलिंद वाटेतच भेटला, मित्राबरोबर भेळ खात. त्याने बापाला चारचौघांत फाडफाड बोलून घेतलं. "अन्ना, खऱ्या वाघिनीला तुमचा मॅग्नेट लावायचा तर डोंगराएवढा लागंल! कशाला ह्या खेळण्यात जीव जाळता?"  दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडे येऊन विचारू लागले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. डोंगराएवढा म्हंजी किती मोठा चुंबक लागंल हो?" मी म्हटलं, मला नाही माहीत. खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघून सांगवलं नसतं.

भीती अशी हळूहळू माझ्या घरातही आली. मिलिंदच्या चपलांचा आवाज येईपर्यंत मी कुकर लावत नसे. मिस्टर चिडायचे. मी म्हणायचे, अहो, समोरचा पोरगा अजून आला नाही.

आणि मग ती दुपार. भाऊंच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. मी शाळेतून येऊन नुकती टेकले होते. हिरूबाय माझ्या दारात पाटी उतरवून बसली होती आणि बोंबलाच्या भावावरून आमची नेहमीची हुज्जत चालू होती. एवढ्यात रस्त्यावरून एक फटफटी भरधाव आली आणि कुणीतरी गळा फाडून ओरडलं, "वाघीण सुटली! अहो खरात! वाघीण सुटली! कुठं राहतात खरात?"

हिरूबायने पाटी उचलली, मला आत ढकललं, स्वतः आत आली आणि दाराला कडी घातली. सगळं एका श्वासात. "आगो बाय गो! वाघीन सुटली! खिरकी लाव, खिरकी!" वसाहतीत धडाधड दारं लागत होती. आया पोरांना हाका मारत होत्या. वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, "डोंगराकडनं आली वाटतं!" कुणी म्हणालं, "कुणाला तरी धरलंय." फटफटीवाला बिचारा ह्या दारापासून त्या दारापर्यंत धावत दारं ठोकत होता आणि तो जितकी दारं ठोकी तितके आतले लोक दाराला खुर्च्या लावीत. खरातांचं घर कुठलं, एवढं सांगायला एकही माणूस बाहेर येईना. मी वर्गात ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ शिकवणारी बाई, आणि मीसुद्धा हिरूबायचा दंड धरून दाराला पाठ लावून उभी होते. माझ्या डोळ्यांपुढे पिवळ्या अंगावर काळे पट्टे होते.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. मी फटीतून बघितलं. बनियन आणि लेंग्यावर, अनवाणी, भाऊ बाहेर येऊन उभे होते. सगळ्या वसाहतीत त्यांना एकट्यालाच कळलं होतं की कुठली वाघीण. वरून लोक ओरडत होते, "भाऊ, आत व्हा! जीव प्यारा नाही का?" एरवी दोन सायकलींच्या मधून न जाणारा तो माणूस मोकळ्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. फटफटीवाल्याने त्यांना बघितलं आणि म्हणाला, "मिलिंद आत हाय. बाहेर येत नाय. तुम्हालाच बोलवतो." भाऊंनी एकच विचारलं, "बोलतोय का?"

"बोलतोय."

हे ऐकून भाऊंनी फटफटीची सीट घट्ट धरली. कादरही बोलत होता, हे त्या फटफटीवाल्याला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. मी कडी काढली. हिरूबाय मागून माझा पदर ओढत होती. मी बाहेर येईपर्यंत भाऊ मागच्या सीटवर बसून निघूनही गेले होते, आणि द्रुपदाबाई उंबऱ्यात बसून भिंतीवर कपाळ आपटत होत्या. मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये माझा तळवा धरला. त्यानंतरचा तेवढा वेळ मी आयुष्यात कधी विसरणार नाही. वारा तळोज्याकडून येत होता आणि तो वास नाकात गेला की मला वाटायचं, आता बातमी येणार.

संध्याकाळी दोघंही चालत घरी आले. मिलिंदच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

काय झालं ते मला मिलिंदने नंतर सांगितलं, माझ्याकडे चहा पिता पिता. तो साखळी काढायला आत शिरला होता, तेव्हा उतारावर उभी असलेली एक वाघीण मागून सुटून आली आणि धडकली. दोन्ही बाजूंचे बफर एकमेकांवर आदळले. मधोमध माणूस उभा राहील एवढी जागा उरते, तिथे तो नेमका होता, म्हणून वाचला. "फक्त खाली वाकायचं आनि बाहेर यायचं, बाई. लहान पोरगं पन करंल. पन पायच उचलेनात. सगळे बाहेरून बोंबलत होते, ये ये. ड्रायव्हरनी शिट्टी मारली तर मला वाटलं, गेलो. सुटलेली वाघीन नुसती दगड लावून धरलेली, मग आत यायला कोन तयार होनार? मी एकच बोलत होतो, अन्नांना बोलवा."

"मग?"

"अन्ना आले. मला वाटलं, शिव्या घालतील. एक शब्द नाय. बफरच्या खालून वाकले नि आत आले, माझ्या बाजूला उभे राहिले. आनि काय बोलले सांगू?" मिलिंद हसला. "बोलले, तुझी टोपी पडली का रे? मी टोपी घालतच नाय, बाई! मी बोललो, नाय अन्ना, टोपी नाय. मग त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवून मला खाली दाबलं, पोत्यासारखं. पयला मी बाहेर, मग ते."

 मिलिंदला कादरचं काहीच माहीत नव्हतं. भाऊंनी त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर भाऊ तिथेच रुळांवर बसून ओकले होते. घरी आल्यावर तापाने फणफणले. ताप उतरल्यावर त्यांनी मिलिंदपुढे हात जोडले. नोकरी सोड, मी पोसतो, लग्न लावून देतो, सुनेलाही पोसतो. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर पोरगं स्वतःच सोडेल. द्रुपदाबाईंनाही तसंच वाटलं होतं. पण मिलिंद दुसऱ्याच दिवशी कामावर गेला होता. शीळ वाजवत.

"अन्ना जर आत येऊ शकतात," तो मला म्हणाला, "तर आत काय नाय, बाई. माझी भीतीच गेली. एकदम क्लिअर."

हे मी भाऊंना सांगायला नको होतं, पण त्यांना ते आधीच कळलं होतं. खाटेवर बसून ते पुढच्या खोलीतल्या फळीकडे बघत होते. "त्याची भीती म्याच काढली, बाई," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्याया पायजे व्हती. भ्यालेलं पोरगं घरी बसलं असतं." मी काहीतरी बोलले, की तुम्ही आत गेला नसतात तर काय झालं असतं, वगैरे. त्यांनी मान हलवली. मी बरोबर बोलत होते आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

फळीवरची गाडी त्यानंतर चालली नाही. मिलिंदचं लग्न झालं, तेव्हा द्रुपदाबाईंनी पलंग मोकळे केले, फळी गॅलरीत उभी केली आणि वाघिणी खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या. त्यांना त्यांची पुढची खोली परत मिळाली. भाऊ निवृत्त झाले. निवृत्त माणूस घरात बसून बायकोला नको नको करतो, तसं काही द्रुपदाबाईंच्या वाट्याला आलं नाही. "हे असत्यात कुठं घरी?" त्या म्हणायच्या. "सकाळी डबा घेऊन जात्यात ते पोरगं घरी आल्यावर मागनं येत्यात. कुठं जाता म्हणलं तर सांगत न्हाईत." आम्ही वाशीला घर घेतलं, वसाहत सुटली, आणि भाऊ कुठे जातात हे मला कळायचं राहून गेलं.

ते कळलं एक-दोन वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. मी शाळेच्या कामासाठी बसने तळोज्याच्या बाजूला गेले होते. परतताना बस कारखान्याच्या रेल्वे-फाटकापाशी थांबली, शंटिंग चालू होतं. मला खिडकीची जागा होती. सायडिंगच्या तारेच्या कुंपणाबाहेर, गवतात, एक उंच म्हातारा उभा होता. शर्टाची वरची गुंडी लावलेली, बगलेत डबा. दोन्ही हातांनी त्याने तार धरली होती. आत इंजिनाने वाघिणी मागे रेटल्या, बफर वाजले, आणि मिलिंद, आता चांगला भरलेला, मिशी ठेवलेला, वाकून दोन वाघिणींच्या मध्ये शिरला. भाऊंची पाठ ताठ झाली. मी इतक्या लांबून बघत होते, तरी त्यांनी श्वास रोखलाय हे मला दिसत होतं, कारण मीही रोखला होता. रोज हेच. पोराला कळू न देता, गवतात उभं राहून.

फाटक उघडलं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि बस हलली. मी उठून उभी राहिले, मागच्या काचेकडे वळले.

"ओ मॅडम, बसून घ्या," कंडक्टर म्हणाला. "स्टॉप नाही इथं."

"थांबा हो," मी ओरडले. "तो बाहेर येऊ दे. आधी तो बाहेर येऊ दे."